हो म्हणण्याआधीचा कागद

प्रति,
मा. अध्यक्ष व नियामक मंडळाचे सर्व सदस्य,
ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडिया (ॲस्की), मुंबई

विषय : जाहिरातीत दिसणाऱ्या माणसाची लेखी संमती, आणि तीही कामाला होकार देण्याआधी



जाहिरातीतला दावा खोटा निघाला, तर दाद मागायला आपली संस्था आहे. १९८५ पासून आपण हे काम करता आहात. बघणाऱ्याची फसवणूक होऊ नये, लहान मुलांवर वाईट परिणाम होऊ नये, स्पर्धकाची नाहक बदनामी होऊ नये, या सगळ्याची काळजी आपल्या संहितेत घेतलेली आहे. पण जाहिरातीत एक माणूसही असतो. पैठणी नेसून उभा असतो, हातात दुधाचा पेला धरून हसत असतो, नव्या फ्लॅटच्या बाल्कनीतून लांबवर बघत असतो. हे पत्र त्याच्याबद्दल आहे.

मी जाहिरातींचा मराठी मजकूर लिहिते. या धंद्यात वावरते म्हणून नात्यातली, ओळखीपाळखीतली मंडळी मला हमखास विचारतात, “फोटो मॉडेलिंगचं काम आलंय, घेऊ का?” विचारणारी कधी कोल्हापूर-सांगलीकडची कॉलेजातली मुलगी असते. कधी पुण्यात नोकरी करणारा आणि जिममध्ये घाम गाळणारा भाचा असतो. कधी बाळाला बेबी पावडरच्या शूटसाठी बोलावणे आलेली आई, तर कधी निवृत्त काका, ज्यांच्या पांढऱ्या मिशा एखाद्या विमा कंपनीच्या माणसाला आवडलेल्या असतात. या प्रश्नाला मी आजवर ठाम उत्तर देऊ शकलेले नाही. ठाम उत्तराला जी माहिती लागते, ती विचारणाऱ्याजवळ नसते, आणि त्याने मागितली तरी त्याला कोणी ती देत नाही. ही माहिती त्याला वेळेवर मिळावी अशी व्यवस्था आपण करू शकता, असे मला वाटते. म्हणून हे जाहीर पत्र.

आधी घरात काय चर्चा होते ते सांगते. मुलगी असेल तर पहिला प्रश्न कपड्यांचा. दुसरा, सोबत कोण जाणार. तिसरा सहसा बोलला जात नाही, पण खोलीत असतोच: उद्या स्थळे येतील तेव्हा काय? मुलगा असेल तर विचारतात, “यात पुढे काही आहे का, की नुसती हौस?” हे प्रश्न मागासलेले आहेत म्हणून मी हसण्यावारी नेत नाही. पण या प्रश्नांची मनासारखी उत्तरे मिळाली, अंगभर साडी आहे, आई सोबत येणार आहे, पैसे बरे आहेत, की घर निर्धास्त होते आणि होकार जातो. खरी जोखीम कशात आहे, हे त्या चर्चेत आलेलेच नसते.

काम येते कसे, हे आपल्या मंडळातल्या एजन्सीवाल्यांना मी सांगायला नको. तरी बाकीच्या वाचकांसाठी सांगते. कोऑर्डिनेटरचा व्हॉट्सॲपवर निरोप येतो: मुलगी हवी, वय वीस ते पंचवीस, महाराष्ट्रीयन लूक, एक दिवसाचे शूट, अमुक बजेट, त्यातच सगळे, पेमेंट नव्वद दिवसांनी. इच्छुकांनी साधे फोटो आणि प्रोफाइल पाठवा. निवड झाली की रात्री उशिरा कॉल टाइम कळतो. सकाळी सातला अंधेरीत किंवा भिवंडीजवळच्या एखाद्या गोडाऊन-स्टुडिओत पोहोचायचे. मेकअप होतो, केस होतात, पहिले दोन-तीन लूक उरकतात, आणि मग चहाच्या सुट्टीत कोणीतरी एक कागद पुढे करतो. “रिलीज आहे, सही करा, सगळेच करतात.” कागद इंग्रजीत असतो. अक्षर बारीक असते. त्यात पुष्कळदा असे लिहिलेले असते की ही छायाचित्रे कोणत्याही माध्यमात, कोणत्याही स्वरूपात, कायमची आणि अखिल विश्वात वापरता येतील. हो, विश्वात. वकिलांनी चंद्र आणि मंगळसुद्धा सोडलेला नाही.

त्या क्षणी ती मुलगी काय करणार? अर्धे शूट झालेले आहे. पंधरा माणसे तिच्याकडे बघत उभी आहेत. तिला या कोऑर्डिनेटरकडून पुढचेही काम हवे आहे. ती सही करते. तिने घरी बसून, शांतपणे, आईशी बोलून दिलेला होकार एका दिवसाच्या कामाला होता. सही मात्र तिने आयुष्यभराच्या वापराला केलेली असते. माझे सगळे म्हणणे या एका तफावतीबद्दल आहे.

आयुष्यभर हा शब्द मी भावनेच्या भरात वापरलेला नाही. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार छायाचित्राचा पहिला मालक साधारणपणे ते काढणारा असतो; पैसे देऊन काढून घेतले असेल आणि वेगळा करार नसेल, तर ज्याने पैसे देऊन काढवले तो असतो. फोटोत जो माणूस दिसतो आहे, त्याचा या मालकीत वाटा नाही. पूर्वी छायाचित्रावरचा हक्क प्रसिद्धीपासून ६० वर्षांनी संपत असे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर तो छायाचित्रकाराच्या हयातीपर्यंत आणि त्यानंतर आणखी ६० वर्षे चालतो. म्हणजे आज वीस वर्षांच्या मुलीचा फोटो तिच्या नातवंडांच्या काळातही कोणाच्या तरी मालकीचा असू शकतो. छायाचित्रकाराच्या हक्काबद्दल माझी तक्रार नाही. त्याच्या कलेचा तो मोबदला आहे. पण चेहऱ्याच्या धन्याला निदान इतके कळावे की आपण काय देतो आहोत आणि किती काळासाठी.

एकदा सुटलेला फोटो कुठवर जातो, याची दोन उदाहरणे महाराष्ट्रातलीच आहेत. दोन्हींमधली माणसे मॉडेल नव्हती, म्हणून तर ही उदाहरणे जास्त बोलकी आहेत. जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारच्या मुख्यमंत्री तीर्थदर्शन योजनेच्या जाहिरातीत एका वृद्धाचा फोटो झळकला. पुणे जिल्ह्यातल्या एका कुटुंबाने तो पाहिला आणि त्यांना धक्का बसला, कारण फोटोतला माणूस त्यांच्या घरातला होता आणि तो सुमारे तीन वर्षे बेपत्ता होता. दुसरे उदाहरण मार्च २०२५ चे. एक महिला मुंबई उच्च न्यायालयात गेली. तिच्या याचिकेनुसार एका छायाचित्रकाराने काढलेला तिचा फोटो तिला न विचारता एका अमेरिकी स्टॉक-फोटो संकेतस्थळावर चढवला गेला, आणि तिथून तो वेगवेगळ्या राज्यांच्या सरकारी योजनांच्या आणि एका राजकीय पक्षाच्या जाहिरातींत वापरला गेला. न्यायालयाने संबंधितांना नोटिसा काढल्या, आणि तिला अंधारात ठेवून तिच्या छायाचित्राचा व्यापारी गैरवापर झाल्याचे प्रथमदर्शनी दिसते, असे म्हटले. जिने सही केलीच नव्हती, तिला न्यायालयात जाता आले. ज्यांनी चहाच्या सुट्टीत अखिल विश्वासाठी सही केली आहे, त्यांनी कोणत्या तोंडाने जायचे?

फोटो कुठे जातो याइतकाच महत्त्वाचा प्रश्न म्हणजे फोटोशेजारी काय लिहिले जाते. हे वाक्य लिहिण्याचे काम माझ्यासारख्यांचे, म्हणून त्याची ताकद मला ठाऊक आहे. तेच हसू, तीच साडी, तोच प्रकाश. शेजारी ‘सणाची खरेदी इथेच’ असे लिहिले तर ती दागिन्यांच्या दुकानात आलेली गिऱ्हाईक होते. ‘तीन महिन्यांत मला गुण आला’ असे लिहिले तर ती रुग्ण होते, आणि कशाची रुग्ण हे पुढच्या ओळीत मी लिहीन ते. पांढरा कोट चढवून गळ्यात स्टेथोस्कोप अडकवला की काकांच्या मिशा डॉक्टरच्या होतात. शूटच्या दिवशी हे वाक्य बहुतेक वेळा ठरलेलेच नसते. ठरले असले तरी मॉडेलला ते कोणी वाचून दाखवत नाही.

त्यात आता कायद्याचीही धार आली आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला पाठिंबा देणाऱ्यालाही जबाबदार धरले. त्याला दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा तेच घडले तर पन्नास लाखांपर्यंत. शिवाय एक वर्ष, आणि पुन्हा घडल्यास तीन वर्षे, अशा जाहिराती करण्यावर बंदी येऊ शकते. पाठिंबा म्हणजे काय, हे त्याच कायद्याखालच्या जून २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत सांगितले आहे: ज्याचे मत, विश्वास किंवा अनुभव जाहिरातीतून व्यक्त होतो असे ग्राहकाला वाटते, तो पाठिंबा देणारा. नुसती साडी नेसून उभी राहिलेली मुलगी या व्याख्येत बसेलच असे नाही. ‘मला गुण आला’ असे अवतरणचिन्हांत जिच्या फोटोखाली छापले आहे, ती मात्र बसू शकते. दाव्याची खातरजमा आपण केली होती, हे दाखवता आले तर कायदा तिला सूट देतो. पण जो दावा तिला सांगितलाच गेला नाही, त्याची खातरजमा ती करणार कशी?

नाही म्हणण्याची परंपरा आपल्याकडे आहे, आणि ती अभिमानाने सांगावी अशी आहे. २००१ मध्ये ऑल इंग्लंड बॅडमिंटन जिंकल्यावर पुल्लेला गोपीचंदने शीतपेयाची जाहिरात नाकारली, कारण जे आपण पीत नाही ते दुसऱ्याला प्या म्हणून सांगणे त्याला पटेना. २०१९ मध्ये साई पल्लवीने गोरेपणाच्या क्रीमची जाहिरात नाकारल्याचे उघड सांगितले. या दोघांचे धैर्य मोठेच. पण त्यांना नकार देता आला याचे एक साधे कारणही आहे: वस्तू कोणती, ती कोणाची, आपल्या तोंडी काय घालणार, हे त्यांना आधी माहीत होते. कॅटलॉगच्या शूटला जाणाऱ्या मुलीला कित्येकदा ब्रँडचे नावही कळत नाही. तिच्याकडून विवेकाची अपेक्षा करायची, तर विवेक चालवायला लागणारा मालमसाला तिला आधी द्यायला हवा.

आणि जे सगळे समजून-उमजून काम करतात, त्यांनाही एका दिवसाच्या कामाचा पल्ला किती लांब असतो हे कळत नाही. १९९५ ची टफ बुटांची जाहिरात आठवा. मूळची नागपूरची मधु सप्रे आणि मिलिंद सोमण, दोघे आपल्याच मातीतले, त्या काळातले देशातले आघाडीचे मॉडेल. दोघांच्या अंगाभोवती अजगर, पायात बूट. मुंबईत गुन्हा दाखल झाला. मॉडेलच नव्हे, तर छायाचित्रकार आणि जाहिरातीशी संबंधित इतरही आरोपी झाले. निकाल लागला २००९ मध्ये, निर्दोष म्हणून. फोटो एका बैठकीचा, खटला चौदा वर्षांचा. ते नावाजलेले होते, त्यांच्यामागे माणसे होती. कोल्हापूर-सांगलीकडच्या त्या कॉलेजातल्या मुलीमागे कोण आहे?

शूटच्या दिवसाबद्दल थोडेच लिहिते, कारण तिथे निदान कागदावर काही आधार आहे. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा रोजंदारीवर आलेल्या, कंत्राटदारामार्फत आलेल्या स्त्रीलाही लागू होतो; कामानिमित्त जिथे जावे लागते ते ठिकाण आणि मालकाने दिलेले वाहनही त्यात येते. जिथे दहापेक्षा कमी माणसे काम करतात, तिथली तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते. लहान मुलांच्या बाबतीत २०१७ चे नियम तर चांगलेच नेमके आहेत: दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, मुलाच्या कमाईतला किमान २० टक्के भाग त्याच्या नावावर मुदत ठेवीत, आणि जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी आधी. जाहिरातीतले काम त्यात स्पष्टपणे धरलेले आहे. हे नियम किती ठिकाणी पाळले जातात हा वेगळा विषय; पण बाळाची आई निदान नियमावर बोट ठेवून बोलू शकते. त्याच स्टुडिओत शेजारच्या सेटवर उभ्या असलेल्या वीस वर्षांच्या मुलीला बोट ठेवायला जागाच नाही. तिने किती तास उभे राहायचे, कपडे बदलायला आडोसा असेल का, जास्तीच्या लूकचे पैसे मिळतील का, हे सगळे समोरच्याच्या भलेपणावर.

पोर्टफोलिओच्या नावाखाली होणारी लूटही आपल्याला ठाऊक असणारच. “आधी आमच्याकडे पोर्टफोलिओ करा, नोंदणी फी भरा, मग कामच काम.” माझ्याकडे विचारायला येणाऱ्यांना मी एवढेच सांगते की काम देणारा पैसे देतो, मागत नाही, जो मागतो त्याचे गिऱ्हाईक तूच आहेस. या एका कसोटीवर निम्मे निरोप तिथेच पुसले जातात. पण ही फसवणूक पोलिसांच्या आणि ग्राहक आयोगाच्या कक्षेतली आहे. मी आपल्याकडे आले आहे ती उरलेल्या निम्म्यांसाठी, जी खरीखुरी कामे आहेत, खऱ्या कंपन्यांची आहेत, आणि बहुधा आपल्या सभासदांचीच आहेत.

या सगळ्यावर आता आणखी एक थर चढला आहे. मॉडेलचे सर्व बाजूंनी फोटो घेऊन तिची डिजिटल प्रतिकृती करता येते, आणि मग पुढच्या शंभर साड्या त्या प्रतिकृतीला नेसवता येतात. मार्च २०२५ मध्ये एच अँड एम या कंपनीने तीस मॉडेलच्या अशा प्रतिकृती करण्याचे जाहीर केले, तेव्हा प्रतिकृतीवरचे हक्क त्या त्या मॉडेलकडे राहतील असेही सांगितले. न्यूयॉर्क राज्यात जून २०२५ पासून लागू झालेल्या कायद्याने मॉडेलची डिजिटल प्रतिकृती करण्यासाठी वेगळी, स्पष्ट, लेखी संमती सक्तीची केली. एजन्सीच्या कमिशनलाही २० टक्क्यांची कमाल मर्यादा घातली. आपल्याकडे मुंबई उच्च न्यायालयाने २०२५ मध्येच आशा भोसले यांच्या आवाजाची यंत्राने नक्कल करण्याविरुद्ध त्यांना अंतरिम संरक्षण दिले. आशाताईंना ते मिळाले याचा आनंदच आहे. पण तो दिलासा त्यांच्या नावाच्या वजनावर उभा आहे. जिला कोणी ओळखत नाही, त्या मुलीच्या चेहऱ्याची नक्कल झाली तर कोणते वजन तराजूत टाकायचे? तिच्याजवळ असलाच तर एक कागद असतो, आणि आज तो तिच्याविरुद्ध लिहिलेला आहे.

आपण म्हणाल, हा कामगार खात्याचा विषय आहे, संसदेचा आहे, आमचा नाही. मी तो आपल्याकडे आणला आहे त्याला कारणे आहेत. आपल्या संहितेच्या पहिल्याच प्रकरणात असे कलम आहे की एखाद्या व्यक्तीचा उल्लेख तिच्या परवानगीशिवाय, मालाला गैरवाजवी फायदा मिळेल किंवा त्या व्यक्तीची नाचक्की होईल अशा रीतीने करता येणार नाही, आणि आपण मागितल्यास जाहिरातदाराने ती परवानगी दाखवली पाहिजे. म्हणजे माणसाची परवानगी तपासण्याचे तत्त्व आपण कधीच मान्य केलेले आहे. फक्त ते प्रसिद्ध माणसांपुरते वापरले जाते, तेही क्वचित. शिवाय आपण सरकार नाही, हीच इथे आपली ताकद आहे. आपल्याकडे जाहिरातदार, एजन्सी आणि माध्यमे एकाच टेबलाशी बसतात. संसदेला जे करायला वर्षे लागतील, ते आपण एका मार्गदर्शक तत्त्वाने करू शकता. २०१४ मध्ये त्वचेच्या रंगावरून कोणाला हिणवायचे नाही, हे आपण सांगितले. २०२१ मध्ये इन्फ्लुएन्सरने पैसे घेतले असतील तर ते स्पष्ट सांगावे, असे ठरवले. २०२२ मध्ये स्त्री-पुरुषांच्या ठरीव, हानिकारक चित्रणाला हरकत घेतली. या तिन्ही वेळा धंदा बुडेल अशी ओरड झाली असेल. धंदा बुडालेला नाही.

आता मागण्या. अवाच्या सवा काही मागत नाही.

पहिली. काम पक्के करण्याआधी, म्हणजे शूटच्या निदान दोन दिवस आधी, मॉडेलला एक पानाचा कागद मिळावा, तिला वाचता येते त्या भाषेत. त्यावर इतकेच असावे: ब्रँड आणि वस्तू कोणती, फोटो कुठे वापरणार, दुकानात, वर्तमानपत्रात, होर्डिंगवर, ऑनलाइन की सगळीकडे, किती काळ आणि कोणत्या प्रदेशात, मोबदला किती, त्यातून कमिशन किती कापणार, हातात कधी येणार, तासांची मर्यादा, कपड्यांचे स्वरूप, आणि फोटो तिसऱ्या कोणाला विकता येईल का. मुदत संपल्यावर वापर वाढवायचा असेल तर पुन्हा पैसे. हा पूर्ण बायआऊट, म्हणजे वापराचे सगळे हक्क एकदाच विकत घेणे, असेल तर तसे मोठ्या अक्षरांत.

दुसरी. आजाराचे, वजनाचे, केसांचे, कर्जाचे, लैंगिक आरोग्याचे, कोणत्याही राजकीय पक्षाचे किंवा धर्माचे काम असेल, आणि मॉडेलच्या तोंडी अनुभव घातला जाणार असेल, तर ते वाक्य तिला आधी दाखवून त्याखाली तिची वेगळी सही घ्यावी.

तिसरी. डिजिटल प्रतिकृती आणि यंत्रशिक्षणासाठी फोटोचा वापर, यांची संमती मुख्य कागदात गुंडाळू नये. ती स्वतंत्र असावी, आणि ती नाकारली म्हणून मूळ काम जाऊ नये.

चौथी. आपल्याकडे तक्रार करण्याची सोय ग्राहकाला आहे, स्पर्धकाला आहे. तशीच एक खिडकी जाहिरातीत दिसणाऱ्या माणसासाठी उघडावी. त्याने तक्रार केली की जाहिरातदाराने हा कागद दाखवावा. नसेल तर जाहिरात उतरवावी.

पाचवी. स्टॉक-फोटो विकत घेऊन वापरताना, फोटोतल्या माणसाची संमती त्या विशिष्ट प्रकारच्या वापराला आहे की नाही, हे तपासण्याची जबाबदारी वापरणाऱ्यावर टाकावी. सरकारी जाहिरातींनाही हे लागू व्हावे, निदान आपल्या सभासद एजन्सी ज्या सरकारी जाहिराती करतात त्यांना तरी.

यावर येणारे आक्षेप मला पाठ आहेत, कारण ते मी रोज जेवणाच्या सुट्टीत ऐकते. पहिला आक्षेप, लहान दुकानदाराला हे झेपणार नाही. येवल्याचा पैठणीवाला किंवा उल्हासनगरचा कपड्याचा व्यापारी वकील कुठून आणणार? त्याला वकिलाची गरजच पडू नये, म्हणून तर आपण नमुना तयार करावा, मराठीत, हिंदीत, गुजरातीत, आणि तो कोणालाही फुकट उतरवून घेता यावा. घरभाड्याचा करार करायला आज कोणी कचरत नाही. एक पान भरून देणे त्याहून अवघड नाही. दुसरा आक्षेप, इतक्या अटी घातल्या तर कंपन्या खऱ्या मॉडेलना सोडून यंत्राने केलेल्या चेहऱ्यांकडे जातील. ज्यांना जायचे आहे ते स्वस्ताईसाठी जाणारच आहेत, अटी असोत वा नसोत. खऱ्या माणसाचे मोल टिकवायचे असेल, तर त्याचा होकार खरा आहे एवढे तरी सांगता आले पाहिजे. तिसरा आक्षेप माझ्या छायाचित्रकार मित्रांचा: आमच्या कलेवर बंधने येतील. त्यांना मी सांगते की हा कागद जाहिरातीच्या कामापुरता आहे. रस्त्यावरचे, वृत्तपत्रातले, प्रदर्शनातले छायाचित्रण यात येत नाही आणि येऊ नये. उलट मॉडेलशी वाद झाला, की पहिला फोन छायाचित्रकारालाच येतो. कागद त्यालाही वाचवील.

चौथा आक्षेप कोणी उघड बोलत नाही, पण तोच सगळ्यांत खोल आहे. “हौसेने येतात, चेहरा दिसला की खूश होतात, त्यांना एवढे कशाला समजावायचे?” हौस असते, खरे आहे. महामार्गाच्या कडेच्या होर्डिंगवर आपला फोटो बघून आईला व्हिडिओ कॉल करणाऱ्या मुलीचा आनंद खराच असतो, आणि तो तिने जरूर घ्यावा. मॉडेलिंग हे चांगले काम आहे. यात मेहनत आहे, शिस्त आहे, शरीराची आणि प्रकाशाची समज लागते. कित्येकांची कॉलेजची फी यातून भागते, घराला हातभार लागतो. या कामाला कमी लेखणाऱ्या नातेवाइकांशी मी भांडले आहे. पण ज्या धंद्यात हौसेलाच संमती मानतात, त्या धंद्याची आबरू टिकवायची असेल तर हौस आणि होकार यांत फरक करायला आपणच शिकले पाहिजे.

आपण हा विषय मंडळाच्या बैठकीत घ्यावा, मॉडेल, कोऑर्डिनेटर आणि छायाचित्रकार यांना समोर बसवून ऐकून घ्यावे, आणि जे ठरेल ते जाहीर करावे, ही विनंती. नमुन्याचे मराठी पान लिहून द्यायला मी तयार आहे, बिनपैशाने.

तोपर्यंत “घेऊ का?” असे विचारणाऱ्यांना मी जे सांगते, ते आपल्यालाही कळवून ठेवते, म्हणजे पुढे गैरसमज नको. मी त्यांना सांगते: ब्रँड विचार. फोटोशेजारी काय लिहिणार ते विचार. कुठे आणि कधीपर्यंत वापरणार ते लिहून माग, व्हॉट्सॲपवर का होईना. सहीचा कागद आदल्या दिवशी माग आणि जो तुझ्या बाजूने बोलेल अशा माणसाला दाखव. सोबत कोणाला तरी ने, आणि कुठे जाते आहेस ते घरी कळवून जा. यातल्या कशाचेही सरळ उत्तर मिळाले नाही, तर काम कितीही मोठे असो, नाही म्हण. दुसरे येईल.

मागच्या काही वर्षांत असे नाही म्हणणाऱ्यांची संख्या मी माझ्या परीने वाढवते आहे. ती आणखी वाढली, तर ऐन दिवाळीच्या आधी आपल्या सभासदांचे शूट अडतील. मला ते नको आहे. माझेही पोट त्याच शूटवर चालते. म्हणून कागद लवकर काढा.

आपली,
एक मराठी जाहिरात-लेखिका